आमची पावले कोण मोजणार?

बीडमध्ये आमच्या वस्तीला लागून मोठे गृहसंकुल होणार असे कळले आणि गल्लीत सह्यांची मोहीम सुरू झाली. निवेदनाचा मसुदा पुरुषांनीच केला. संध्याकाळी मी भाकरी थापत असताना तो कागद माझ्यापुढे आला. रहदारी वाढेल, गाड्या लावायला जागा उरणार नाही, गर्दी होईल आणि 'वाटेल ते लोक' येऊन राहतील, असे चार मुद्दे. मी सही केली नाही. शेजारणी रागावल्या. म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, मी बिल्डरच्या बाजूची नाही. अरुंद रस्त्यावर एकदम शेकडो कुटुंबे आणून सोडली तर काय होईल, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको. धुळे-सोलापूर महामार्गाची अवजड वाहने वर्षानुवर्षे या शहराच्या पोटातून गेली. १९८९ च्या जुलैतला बिंदुसरेचा पूर जुन्या माणसांना अजून आठवतो. नदीकाठी दाटीने घरे बांधण्याचे मोल काय असते, ते त्या पुराने दाखवले. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडमध्ये रेल्वे आली. शहर आता वाढणारच. शंका रास्त आहे. पण रहदारी म्हणजे कोणाची, आणि गर्दी म्हणजे कोण?

निवेदनात गाड्या होत्या, चालणारी बाई नव्हती. पोराला शाळेत सोडायचे, रेशनच्या रांगेत उभे राहायचे, सासूला दवाखान्यात न्यायचे, चार घरची धुणीभांडी करायची. या सगळ्या फेऱ्या आपण पायी मारतो. त्यांना कोणी रहदारी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर कसे जाता हे विचारले खरे, पण फक्त 'इतर कामगार' या गटाला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातल्या बाया त्यातून वगळल्या. घरकाम करणारीला तर कामगारच धरले नाही. बीडसारख्या जिल्ह्यात मग मोजायला उरल्या किती जणी? बांधकामाच्या नियमांत मात्र सदनिकेच्या आकारानुसार गाड्यांच्या जागांचे कोष्टक व्यवस्थित दिलेले आहे.

आता ते 'वाटेल ते लोक'. आपल्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ऊसतोडीला जाणारे कुटुंब, दलित, मुसलमान, नवऱ्याने टाकलेली बाई. खोली भाड्याने मागायला गेल्यावर "घरात पुरुषमाणूस कोण आहे?" हा प्रश्न आपल्यातल्या कितीजणींनी ऐकला आहे! एका खोलीत आठ-दहा माणसे आजही राहतात, तेव्हा दाटीची तक्रार कोणी करत नाही. ती माणसे शेजारी येणार म्हटले की गर्दी होते. सकाळी सातला भांडी घासायला तीच बाई मात्र हवी असते. तिने यावे, काम करावे आणि दिसेनासे व्हावे!

शिवाय हा कागद उशिराच निघाला. योजना मंजूर आराखड्यात बसत असेल तर बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही. बोलायची वेळ आधी येते. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकते. कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर नोटिशीपासून एक महिना मिळतो. ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. पण घरातले वर्तमानपत्र पहिल्यांदा कोणाच्या हाती पडते? २०११ पासून नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी कितीतरी नगरसेविकांचा फोन नवराच उचलतो.

म्हणून आपण आपला वेगळा कागद लिहू या. पायी चालणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या बायांची मोजणी करा. पदपथ, दिवे, स्वच्छतागृह आणि पाणी यांची सोय आधी, नवी घरे नंतर. नदीचे पात्र मोकळे ठेवा. नव्या घरांत कष्टकऱ्यांना आणि एकट्या बाईला जागा द्या. नोटीस रेशन दुकानावर आणि अंगणवाडीवर लावा, सुनावणी वस्तीत घ्या, आणि ती स्वयंपाकाच्या वेळी नको.

या कागदावर पहिली सही माझी असेल. दुसरी कोण करते?