जुन्या पोलो जीटीवर तीन लाख घालू का? दुकानदाराच्या नजरेतून उत्तर



खेळत्या भांडवलावरचा व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय, त्यांना आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पण विषय गाड्यांचा असला तरी हिशोब धंद्याचाच आहे. माझं स्वतःचं कार ॲक्सेसरीज आणि बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न मला काउंटरवरही येतो आणि ट्रेनिंगच्या बॅचमध्येही येतो. "सर, जुनी पण पळणारी गाडी घेतलीय, मॉडिफाय केली तर पैसे वसूल होतात का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. विकताना वसूल होत नाहीत. मजा म्हणून वसूल होऊ शकतात. आणि दुकान टाकायला साठवलेले पैसे त्यात घालायचे असतील, तर अजिबात घालू नका.

आता हे का म्हणतो ते बघा. बॅचमधला एक जण आहे, वय सव्वीस. नोकरी करत त्याने साडेचार लाख साठवलेत, आणि स्वतःचं डिटेलिंग आणि ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणतोय. दारात जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही गाडी आपल्याकडे 2013 साली आली. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क, सोबत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. त्या काळात एवढ्याशा हॅचबॅकमध्ये एवढी ताकद म्हणजे, आपल्या कोल्हापूरच्या भाषेत, नाद खुळा. 2022 मध्ये भारतात पोलो बंद झाली आणि पोरांचं प्रेम अजूनच वाढलं.

त्याचं म्हणणं असं. "सर, गाडीत तीन लाख घालतो. तीच माझी जाहिरात होईल. लोक गाडी बघून दुकानात येतील." हा युक्तिवाद ऐकायला इतका गोड आहे की बॅचमधल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. म्हणून तो जरा उलगडून बघू.

आधी तीन लाख जातात कुठे? आकडे ढोबळ आहेत, ब्रँडनुसार बदलतील. ईसीयू रिमॅप तीस हजार. एक्झॉस्ट आणि इनटेक मिळून पन्नास. कॉइलओव्हर सस्पेन्शन ऐंशी. अलॉय आणि टायर सत्तर. ब्रेकचं काम चाळीस. किरकोळ लायटिंग, रॅप, मजुरी तीस. झाले तीन लाख. या यादीत दम फक्त पहिल्या ओळीत आहे. टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवता येतो, म्हणून 105 ची गाडी 130 च्या आसपास जाते असं ट्यूनर लोक सांगतात, आणि चालवल्यावर फरक कळतो. ज्या गाडीला टर्बोच नाही, उदाहरणार्थ जुनी होंडा सिटी व्हीटेक, तिथे वाढवायला बूस्टच नसतो. त्यामुळे नुसत्या रिमॅपने हाताला फारसं काही लागत नाही. एक्झॉस्ट लावून आवाज वाढतो, वेग नाही.

आणि यादीत जे नाहीये ते जास्त महत्त्वाचं. दहा-अकरा वर्षांच्या गाडीचे सस्पेन्शन बुश गेलेले असतात, इंजिन माउंट बसलेले असतात, रबरी होज कडक झालेले असतात, कूलंटचं काम बाकी असतं. पोलो जीटीमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी तर नाजूक दुखणं. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की बिल सहा आकडी होऊ शकतं. अशा गाडीचा टॉर्क वाढवणं म्हणजे जुन्या बैलाला नवीन गाडा जुंपण्यासारखं आहे. म्हणून रिमॅपच्या आधी मूळ गाडी ठणठणीत करायला पैसे लागतात, आणि ते फोटोत दिसत नाहीत म्हणून कुणी बजेटमध्ये धरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा वर्षांच्या गाड्यांचे नुसते चांगले टायर, नवीन ब्रेक पॅड, ताजे बुश आणि अलाइनमेंट एवढं केलं तरी मालक म्हणतो, गाडी नवीन झाली. खर्च तिसऱ्या हिश्श्याचा.

आता विकायची वेळ. समजा गाडीची बाजारातली किंमत सव्वाचार लाख आणि वर तुमचे तीन लाख. तुमच्या डोक्यात गाडी सव्वासात लाखांची झालेली असते. गिऱ्हाइकाच्या डोक्यात ती सव्वाचारचीच असते, उलट तो अजून खाली मागतो. कारण त्याची पहिली शंका असते, "गाडी रगडलेली असणार." त्याचं चुकत नाही. जुन्या परफॉर्मन्स गाड्यांत भाव टिकतो तो न छेडलेल्या गाडीला. 2004 साली आपल्याकडे आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस घ्या, 1.8 टर्बो, 150 हॉर्सपॉवर. शौकीन माणूस ती शोधताना पहिला प्रश्न विचारतो, "ओरिजिनल आहे ना?" म्हणून काही केलंच तर काढलेले मूळ पार्ट पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. विकताना गाडी मूळ रूपात आणून विका आणि वरचे पार्ट वेगळे विका. तेवढेच काही पैसे परत येतात. रिमॅपचे आणि मजुरीचे मात्र गेले ते गेले.

कायद्याबद्दल पोरं "बघू नंतर" म्हणतात, म्हणून थोडं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत, परवानगी नसलेला बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. सायलेन्सर रोलरखाली चिरडतानाचे पोलिसांचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो, ते वेगळंच. आणि पंधरा वर्षांनी गाडीचं पुन्हा पासिंग करायला आरटीओत जाल तेव्हा फिटनेस तपासणारा समोर उभा असतो.

बरं, आता त्या जाहिरातीच्या मुद्द्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

डेमो कार ही कल्पना चुकीची नाही. मोठ्या शहरांतले चांगले ट्यूनर स्वतःची गाडी बनवतात. पण का बनवतात ते समजून घ्या. एका इंजिनसाठी सॉफ्टवेअर फाइल तयार करायला वारंवार चाचण्या लागतात, डायनोवर गाडी चढवावी लागते, चुका स्वतःच्या गाडीवर कराव्या लागतात. एकदा ती फाइल जमली की तीच, थोड्याफार फरकाने, त्या इंजिनच्या पुढच्या प्रत्येक गाडीला विकता येते. म्हणजे डेमो कारवर घातलेला पैसा पुढच्या पन्नास गिऱ्हाइकांत वाटला जातो. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे मशीन आहे, लेथसारखं. आमच्या बॅचमधल्या पोराच्या गाडीवर मात्र दुसऱ्याने बनवलेली फाइल, दुसऱ्याने बनवलेला एक्झॉस्ट आणि दुसऱ्या फिटरची मजुरी असणार. त्यातलं काहीच त्याला पुढे विकता येणार नाही. तो विकणार सीट कव्हर, मॅट, रिव्हर्स कॅमेरा आणि पॉलिश.

आणि जिल्ह्याच्या गावात सीट कव्हर घेणारा माणूस कोण असतो? नवीन गाडी घेतलेला शिक्षक, टुरिस्टवाला, कुटुंबाला घेऊन आलेला शेतकरी. दारात खाली दाबलेली, गडगडणारी पोलो बघून त्याला वाटतं, हे आपलं दुकान नाही. पोलो बघायला गर्दी होते ती पोरांची. ती फोटो काढतात, स्टोरी टाकतात, आणि चहा पिऊन जातात. चहाही बहुतेक तुमच्याच खात्यावर.

तेच तीन लाख दुकानात मालाच्या रूपात फिरले तर? समजा वर्षातून चार वेळा माल फिरला आणि प्रत्येक फेरीला खरेदीवर वीस टक्के सुटले. वर्षाला दोन लाख चाळीस हजार ढोबळ नफा. यातून भाडं, पगार, लाइट बिल, बुडालेली उधारी वजा करा, तरी वर्षअखेरीला मूळ तीन लाख मालाच्या रूपात रॅकवर उभे असतात. बीबीएला आम्हाला याला संधी-खर्च म्हणून शिकवलं होतं. परीक्षेत व्याख्या लिहून पाच मार्क मिळाले, अर्थ गाळ्याचं भाडं भरायला लागल्यावर कळला.

कुणी म्हणेल, "सर, गाडी धंद्याच्या नावावर दाखवू, जीएसटी तरी सुटेल." नाही सुटत. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये अशा मोटारींवरचं इनपुट क्रेडिट, काही ठराविक धंदे सोडले तर, अडवलेलं आहे, आणि त्यांच्या दुरुस्तीवरचंही. सीएला विचारून घ्या, पण आशेवर राहू नका.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. आज नवीन गाडीत 150 पीएस हवे असतील तर फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं 1.5 टीएसआय घ्यावं लागतं, आणि त्यासाठी चांगलेच पंधरा लाखांच्या वर मोजावे लागतात. जुनी पोलो आणि तीन लाखांचं काम मिळून सव्वासात होतात. नुसत्या मजेच्या हिशोबाने जुनी गाडी जिंकते, यात वाद नाही. जो माणूस गाडी पुढची सहा वर्षं ठेवणार आहे, त्याला तीन लाख म्हणजे वर्षाला पन्नास हजार, महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. ज्याचं घर चाललंय, धंदा स्थिरावलाय, डोक्यावर हप्ते नाहीत, त्याने हे पैसे खुशाल खर्च करावेत. कायद्यात बसेल तेवढंच करावं, आणि जोरात पळवायची हौस असेल तर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जावं, पुणे-बंगळूर हायवेवर नाही. लोक लग्नात एका रात्रीत याच्या दुप्पट उडवतात, त्यांना आपण काही बोलत नाही.

पण माझ्या बॅचमधल्या पोरासमोर पोलो की व्हर्टस हा प्रश्नच नाहीये. त्याच्यासमोर पोलो की गाळा, हा प्रश्न आहे.

मी त्याला सुचवलं ते असं. गाडीवर साठ हजारांच्या वर जायचं नाही: बुश, ब्रेक पॅड, टायर, कूलंट आणि डीएसजीची नीट तपासणी. मग रंगाचं करेक्शन आणि सिरॅमिक कोटिंग स्वतःच्या हाताने करायचं, कारण तेच तो विकणार आहे. अर्धं बॉनेट आधीचं आणि अर्धं नंतरचं, असे फोटो काढायचे. अकरा वर्षांची गाडी शोरूममधून आत्ता काढल्यासारखी दिसली तर तो शिक्षकही थांबून विचारेल, "आमच्या वॅगनआरचं असं होईल का?" ही झाली डेमो कार. उरलेल्या पैशात गाळ्याचं डिपॉझिट, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशिंग मशीन आणि सुरुवातीचा माल, आणि पाच महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवायचं.

त्याचा चेहरा पडला होता, खोटं कशाला सांगू. रिमॅपचं काय, म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, दुकानाच्या खात्यातून नाही, स्वतःच्या पगारातून. दुकानातून स्वतःला महिन्याला पगार घ्यायला लागलास आणि त्यातले काही शिल्लक राहायला लागले, की त्या पैशाला मी विचारणार नाही.

स्वतःचा पगार किती धरायचा आणि तो गल्ल्यातून वेगळा कसा काढायचा, यावर बऱ्याच जणांचा गोंधळ आहे. पुढचा व्हिडिओ त्यावरच करतोय. डिटेलिंगच्या कामाचं जॉब कार्ड कसं लिहायचं, तेही त्यात दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.