आधी कान, मग वही

आमची लेक स्पॅनिश शिकते. वही मिटून गाणी ऐकताना दिसली, तेव्हा आम्ही रागावलो, ‘‘आधी व्याकरण कर!’’

ती म्हणाली, ‘‘अब्बा, हे एकच ऐका.’’ क्युबाचे गायक सिल्व्हियो रोद्रिगेस यांचे ‘ओहाला’. ओहाला म्हणजे ‘असे होवो’. शब्द मूळचा अरबी, ‘अल्लाहने इच्छिले तर’ या अर्थाचा. आपल्या इन्शाअल्लाहचा नातलगच! 1492 मध्ये ग्रानाडाचे मुस्लिम राज्य गेले, शब्द मात्र स्पॅनिश लोकांच्या तोंडी राहिला.

या शब्दामागून येणाऱ्या क्रियापदाचे रूप बदलते. गाण्यात ‘ओहाला’ पुनःपुन्हा येतो, म्हणून ते रूप लेकीला न घोकता पाठ झाले. अर्थात नुसते ऐकून भागत नाही. ती आधी दोन-तीनदा ऐकते, ऐकू आले तसे लिहिते, मग छापील शब्दांशी ताडून चुका सुधारते आणि शेवटी मोठ्याने म्हणते.

आमच्या वर्गातली मुले इंग्रजीचा धडा वाचतात, पण दोन वाक्ये बोलायची म्हटली की अडतात. आम्ही त्यांच्या हाती पुस्तक दिले, कानाला मात्र काम दिलेच नाही. उद्यापासून धडा आधी ऐकवायचा, मग उघडायचा. जमेल? इन्शाअल्लाह!