दोन मासे आणि एक मुकुट

लखनौच्या कानपूर रस्त्यावर आलमबागेचा जुना दरवाजा अद्याप उभा आहे. अवधचा राजा वाजिद अली शाह याने आपली बेगम आलम आरा हिच्याकरिता तेथे उद्यान व वाडा बांधविला. या राजाची नाणी पाहाल, तर राजचिन्हाच्या दोन बाजूंस मत्स्यकन्या उभ्या दिसतील. त्या लखनौस आल्या कशा?

मासा तेथे जुनाच. ‘माही’ म्हणजे मासा, ‘मरातब’ म्हणजे मानाच्या पायऱ्या. सोनेरी मुलाम्याचे माशाचे मस्तक काठीवर बसवून हत्तीवरून मिरविण्याचा मान दिल्लीचा बादशहा सरदारांना देई. माहीमरातब आपल्यालाही परका नाही. १७९२ साली महादजी शिंद्यांनी पुण्यास सवाई माधवरावांकरिता जे बादशाही बहुमान आणले, त्यांत मत्स्यचिन्ह होते. पण हा मान वरून मिळे. तो मिरविणारा कितीही बलाढ्य असो, कागदोपत्री तो बादशहाचा सेवकच.

युरोपातील रीत निराळी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात विणलेल्या पडद्यांवर मध्यभागी राजघराण्याची ढाल आणि वर मुकुट असे. युरोपीय राजचिन्हांत ढालीच्या दोहो बाजूंस पुष्कळदा पशू किंवा मानवाकृती रक्षक म्हणून उभ्या करीत. अशा चिन्हाचा अर्थ एकच: येथला धनी दुसऱ्या कोणाचा चाकर नव्हे.

ही रीत अवधात उतरली ती १८१९ साली. दिल्लीच्या बादशहाचे वजीर म्हणविणाऱ्या गाजीउद्दीन हैदरने कंपनी सरकारच्या प्रोत्साहनाने स्वतःस राजा म्हणून अभिषेक करविला. रॉबर्ट होम नावाचा इंग्रज चित्रकार त्याच्या पदरी होता. नव्या नाण्यांवर समोरासमोर दोन मासे, वर मुकुट आणि बाजूंस निशाणे धरलेले वनपशू अशी आकृती आली. बादशहाने देण्याची खूण आता राजाने स्वतःच घेतली. पुढे पशूंच्या जागी मत्स्यकन्या आल्या. मला ही आकृती काहीशी करुण वाटते. कारण ज्यांच्या भरवशावर मुकुट चढला, त्या कंपनीनेच १८५६ साली अवध खालसा करून वाजिद अली शाहला पदच्युत केले.

आलमबागेतही मग राजघराण्याचा निवांतपणा उरला नाही. १८५७ च्या नोव्हेंबरापासून पुढच्या मार्चपर्यंत तेथे औट्रमच्या इंग्रजी फौजेचा तळ होता. सेनापती हॅवलॉकची कबर त्याच आवारात आहे.

मासे मात्र टिकले. उत्तर प्रदेशाच्या राज्यचिन्हात धनुष्यबाण आणि नद्यांचा संगम यांच्यासह तेच दोन मासे आहेत. लखनौस गेलात, तर जुन्या दरवाजांच्या कमानींवर नजर टाका; मासे बहुधा जोडीनेच आढळतात.