गाडीवाचून अडत नाही



‘परदेशात गाडीवाचून माणूस पांगळा होतो, नगरकरांनीही आता वाहनतळांचाच विचार करावा’ असा सूर असलेले गेल्या अंकातील पत्र वाचले. अमेरिकेतल्या उपनगरांपुरते ते खरे आहे. तिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते. पण सगळा परदेश म्हणजे अमेरिका नव्हे.

मी मूळची सावेडीची, नोकरीनिमित्त लंडनला राहते. आमच्याकडे गाडी नाही आणि तिच्यावाचून काही अडत नाही. बसचे भाडे एकदा भरले की तासाभरात कितीही बस बदला, जादा पैसे पडत नाहीत. चाकाची खुर्ची दिसली की चालक बस दाराच्या बाजूने फुटपाथकडे झुकवतो, आतून उतरती फळी बाहेर सरकते. पुढचा थांबा मोठ्याने सांगितला जातो, त्यामुळे नवख्या माणसाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. उलट, शहराच्या मध्यभागी गाडी न्यायची तर २००३ पासून शुल्क मोजावे लागते.

आणि आपण तर नगरचे! एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती नगर-पुणे मार्गावरच. महिलांना २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट लागते, हेही उत्तमच झाले. आता वाहनतळांऐवजी शहरबसच्या जादा फेऱ्या, सावलीचे थांबे आणि सावेडी ते माळीवाडा सलग पदपथ मागा. शाळकरी मुले, म्हातारी माणसे, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांच्याकडे गाडी नाहीच. पत्रलेखकांनी त्यांचा उल्लेखही केलेला नाही.

– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर (सध्या लंडन)