गटारातून वर आलेला पूर

‘भवानी पेठेत नदी कुठे आहे? मग पूर कसला आणि भरपाई कसली?’ तळघरातला माल भिजलेल्या सोलापूरच्या व्यापाऱ्याला हा सवाल हमखास ऐकवला जातो. पाठोपाठ दुसरा येतो: ‘तळघरात माल ठेवायला सांगितलं कोणी?’ या दोन्ही सवालांचा पाया कच्चा आहे.

सोलापूरची ओळख दुष्काळी. पण आमचा पाऊस कमी पडतो म्हणजे बेताने पडतो, असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, हे सगळ्यांनी पाहिले. शहरात तर नदीचीही गरज लागत नाही. तास-दोन तास सर आली की पावसाचे पाणी ड्रेनेजमध्ये घुसते, चेंबर भरते आणि ते पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. ते तोंड म्हणजे तळघरातली मोरी किंवा संडासाचे भांडे. शटर बंद, उंबरा कोरडा, आणि आत टॉवेलच्या गठ्ठ्यांचा खालचा थर मैलापाण्यात. सूत पाणी वर ओढते; सकाळपर्यंत वरचे गठ्ठेही ओले होतात. हा माल वाळवून दुय्यम म्हणूनही विकता येत नाही, कारण वास जात नाही.

आता पॉलिसी काय म्हणते ते पाहा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ आणि ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसींत वादळ, पूर आणि परिसर जलमय होणे या जोखमी मुळातच धरलेल्या आहेत. सूक्ष्म उद्यमाची पॉलिसी एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते, म्हणजे पेठेतले बहुतेक गाळे आणि कारखाने तिच्यात बसतात. पूर नदीचाच हवा, अशी अट तिथे नाही. पावसाने गटार उलटून तळघर भरले तर नुकसानीचे मूळ कारण पाऊसच. पाणी दारातून आले की मोरीतून, याने ते कारण बदलत नाही.

भिंतीतून महिनोन्महिने पाझरणारी ओल मात्र पूर नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. कोरड्या दिवशी चेंबर तुंबले तर दावा कठीण जाईल, हेही खरे.

दुसऱ्या सवालाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात दुकान तळघरातच होते. कंपनीने जागा पाहून विमा दिला, हप्ता घेतला आणि आग लागल्यावर तळघर वगळणारे कलम पुढे केले. ग्राहकाला न सांगितलेले आणि कराराचा हेतूच मारणारे कलम कंपनीला वापरता येणार नाही, असा निकाल ९ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला. तो आगीचा होता, पण पाण्यालाही तोच न्याय लागला पाहिजे.

अमेरिकेचा दाखला देणारेही भेटतात. तिथल्या सरकारी पूरविम्यात तळघरातल्या बहुतेक सामानाला संरक्षण नाही आणि गटार उलटण्याचे संरक्षण घरविम्यात जादा पैसे भरून घ्यावे लागते. पण तिथे हे आधी लिहून दिलेले असते. इथेही वगळायचे असेल तर पैसे घेण्यापूर्वी तसे स्पष्ट लिहून द्या.

व्यापाऱ्यांचेही चुकते. कॅश क्रेडिटसाठी बँकेने काढायला लावलेली पॉलिसी बँकेच्या फायलीतच राहते. मालक ती उघडतही नाही. तिच्यावर पत्ता असतो, तळघराचा उल्लेख नसतो. या पावसाळ्याआधी तिची प्रत मागवा. ‘तळघरातील मालासह’ असे शब्द लेखी घालून घ्या, माल फळ्यांवर उचलून ठेवा, ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पाणी आलेच तर उपसण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. दावा फेटाळला तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करा: ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची दाद तिथे मागता येते, फी नाही आणि वकीलही लागत नाही.