धुणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे

पाटण-शिराळ्याच्या पट्ट्यात पाऊस ओसरला की मोटरसायकली सर्व्हिसिंगला निघतात. सर्व्हिसिंग म्हणजे काय, तर गाडी रॅम्पवर चढवायची, प्रेशरच्या पाण्यानं चिखल उडवायचा, ऑइल बदलायचं आणि शेवटी डिझेलचा फवारा मारून चकाकी आणायची. मालक खूश, गॅरेजवालाही खूश. महिन्याभरात गाडी पुन्हा कुरकुरायला लागली की म्हणायचं, जुनी झाली, विकून टाका.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरीभर मागं द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधून वाड्यावस्त्या फिरलो आणि त्यातली बरीच वर्षं एकाच हिरो होंडा स्प्लेंडरवर काढली. ती अजून दारात आहे आणि रोज चालते. आजारी जनावर दवाखान्यात आणलं की आम्ही आधी त्याला आंघोळ घालत नाही. ताप, श्वास, रवंथ बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र उलटा कारभार चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेशरचं पाणी जुन्या गाडीला बाधतं. चाकाच्या बेअरिंगमधलं, कोनसेटमधलं ग्रीस त्यानं निघून जातं आणि जागेवर पाणी राहतं. ब्रेकच्या ड्रममध्ये, एअर फिल्टरच्या डब्यात, वायरिंगच्या जोडांतही ते शिरतं. वरून डिझेल मारलं की रबरी बुश फुगतात, आणि थोडं जरी ब्रेक शूवर गेलं तरी घाटात उतरताना ब्रेक धरत नाही. चिखल काढायला बादलीभर पाणी, फडकं आणि जुना टूथब्रश पुरतो. गाडी मिरवायची नसेल तर तेवढीही घाई नको.

बघायचं काय असतं? सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे टॅपेट. इंजिन थोडं टकटक वाजलं की आपण मेकॅनिकला म्हणतो, आवाज बंद कर. तो स्क्रू आवळतो, आवाज जातो, आपण समाधानानं घरी. पण टॅपेटला केसाएवढी फट लागतेच. ती नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, किक हलकी लागते आणि गरम झालेली गाडी सिग्नलला बंद पडते. वाजणारं टॅपेट एकवेळ चालेल; मुकं टॅपेट व्हॉल्व्ह जाळतं. मग निदान होतं, रिंग-पिस्टन गेलं, इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोलायला होकार देण्याआधी टॅपेट तपासून घ्या. फट मोजायची ती थंड इंजिनावर, फीलर गेजनं, मॅग्नेटवरची टीची खूण जुळवून. मालक तापलेली गाडी घेऊन समोर बसला असेल तर मेकॅनिक तरी काय मोजणार?

चेनचंही तसंच. मधोमध बोटानं वरखाली केली की दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि ढील तिथं ठेवायची. फार ताणली तर गिअरबॉक्सकडच्या बेअरिंगवर भार येतो. ताणलेल्या चेनची कडी काढून भागवणारे महाभाग आहेत, आणि झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवणारेही. दोन्हीकडं पैसे वायाच. बदलायची तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावीत.

ऑइल स्प्लेंडरच्या इंजिनात 900 मिली लागतं. गाडी चालवून आणल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं, सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, पट्टी पुसून न फिरवता नुसती आत टेकवायची आणि पातळी बघायची. ऑइल काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, कमी झालं तर घाबरावं. आतली जाळी क्लच कव्हर उघडल्याशिवाय साफ होत नाही, म्हणून ती बहुतेकांची कधीच साफ होत नाही.

टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघू नका. पुढं 25, मागं एकट्याला 28 आणि मागं माणूस बसणार असेल तर 41 पौंड. एवढ्यानंच अर्ध्या लोकांची ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार मिटेल.

आता एक नवी काळजी. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाडीची रबरी पाइप कडक होऊन चिरते, टाकीला आतून गंज धरतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करा आणि वाटीतलं पेट्रोल काढून टाका. पाइपला शंभराची नोटही लागत नाही, आठवणीनं बदला.

हे सगळं मेकॅनिकला माहीत नाही असं नाही. गावातले चांगले मेकॅनिक आवाजावरून दुखणं ओळखतात. पण आपण पार्टचे पैसे बिल बघून निमूट देतो आणि मजुरीवर घासाघीस करतो. टॅपेट लावायला अर्धा तास गेला तरी ‘नुसता स्क्रूच तर फिरवलास’ म्हणून पन्नास रुपये टेकवतो. मग तोही शहाणा होतो. तपासण्यापेक्षा बदलणं आणि बदलण्यापेक्षा धुणं त्याला परवडतं. पंधरा वर्षांनी आरसीच्या नूतनीकरणाची वेळ आली की तीच गाडी रंगवून, धुऊन आरटीओत उभी करतात. ब्रेक शू मात्र जुनेच.

म्हणून पुढच्या खेपेला गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला नेऊन ठेवा. धुवायची नाही, डिझेल मारायचं नाही, असं बजावून सांगा. सकाळी थंड इंजिनावर टॅपेट, मग चेन, ब्रेक, कोनसेट आणि एअर फिल्टर एवढं बघायला सांगा, आणि एकही पार्ट न बदलता गाडी परत मिळाली तरी पूर्ण मजुरी द्या.