हिरवे गवत, पण गायीसाठी नाही



मागच्या बैठकीत पुण्याकडच्या गोल्फ मैदानाचे फोटो फिरवले, तेव्हा एका आजीने विचारले, "इतकं हिरवं गवत, अन् गाय काऊन नाई चरू देत?" सगळे हसले. पण आम्हाला वाटते, खरा प्रश्न तोच आहे.

काठीने चेंडू मारत अठरा भोकांत घालायचा, एवढाच हा खेळ. त्याला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी. वरून खत, औषध. मुळशी तालुक्यात ॲम्बी व्हॅलीत असे मैदान आहे, भोवती श्रीमंतांचे बंगले. त्याच तालुक्यात मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले. या खोऱ्याने वरसगाव धरणासाठी एकदा जमिनी दिल्याच होत्या. तिथले कातकरी आपल्यासारखेच, जंगलावर जगणारे.

आता तारखा बघा. २००१ साली सरकारने १८ गावे 'गिरिस्थान' म्हणून जाहीर केली. पुढच्याच वर्षी, ३ मे २००२ ला, केंद्राचे पत्र निघाले की जंगलातली अतिक्रमणे हटवा. अतिक्रमण करणारे कोण? आम्ही! पिढ्यान् पिढ्या कसणारे आम्ही चोर, आणि डोंगर कापणारे विकासवाले.

पर्यावरणाची मंजुरी न घेता बांधकाम का केले, अशी नोटीस लवासाला नोव्हेंबर २०१० मध्ये आली. तोवर बंगले बांधून झाले होते. आमच्या माणसाला मात्र दोन एकरासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा सिद्ध करावा लागतो. दंडाची पावती आण, म्हाताऱ्याचा जबाब आण, मोजणीला थांब. आणि कितीही कसत असला तरी चार हेक्टरवर पट्टा नाही. गोल्फवाल्याला अशी मर्यादा कोणी घातली?

कोणी म्हणेल, मुळशी लांब आहे, आपल्याला काय त्याचे? २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि ऊर्जानगरच्या वीज केंद्राचे संच बंद करावे लागले. वीज करायला पाणी नाही, अशा जिल्ह्यात उद्या कोणी झुडपी जंगलावर 'पर्यटन' आणले तर पाणी कोणाचे तोडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. झुडपी जंगल म्हणजे पडीक, असे साहेब म्हणतात. आमची गुरं तिथेच चरतात, सरपण तिथूनच येते.

म्हणून फक्त शेताचा दावा करून थांबू नका. चराई, तळे, बांबू, मोह यांचा सामूहिक दावा ग्रामसभेतून टाका. मेंढा-लेखाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क असाच मिळवला. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिले आहे. गार्ड आला तर त्याला वाचून दाखवा. आणि कागद देताना पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. मागच्या खेपेला तीन गावांनी घेतली नव्हती.